रॉबर्ट कॉख : क्षयाचा जंतू शोधणारा डॉक्टर आणि गोठ्यातली गाय



दरवर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन येतो. परिपाठात दोन मिनिटं माहिती सांगितली जाते, फलकावर रॉबर्ट कॉख यांचं नाव लिहिलं जातं आणि दिवस संपतो. मुलांच्या लक्षात एवढंच राहतं की कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. माहिती बरोबरच आहे, पण अपुरी आहे. या शास्त्रज्ञाच्या आयुष्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत जनावरं आहेत. मेंढ्या, गाई, उंदीर, गिनीपिग यांच्याशिवाय त्यांची गोष्ट पूर्णच होत नाही. आणि ज्यांनी जगाला क्षयाचा जंतू दाखवला, त्यांचाच गाईच्या क्षयाबद्दलचा एक निष्कर्ष चुकला. त्या निष्कर्षाचा संबंध थेट लहान मुलांच्या दुधाच्या पेल्याशी होता. म्हणून आज कॉख यांचं चरित्र थोडं गोठ्याच्या बाजूने बघू या.

बालपण आणि शिक्षण

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतल्या हार्झ डोंगरातील क्लाउस्थाल या गावी झाला. हे खाणींचं गाव. वडील खाण खात्यात अधिकारी होते. घरात तेरा भावंडं जन्मली, त्यांतले रॉबर्ट तिसरे. शाळेत जाण्याआधीच वर्तमानपत्रं बघून बघून हा मुलगा वाचायला शिकला, असं सांगतात. दगड, कीटक, शेवाळ गोळा करायचा त्यांना नाद होता. आपल्या वर्गातही अशी मुलं असतात बघा, खिशात दगड आणि पिसं घेऊन फिरणारी!

१८६२ मध्ये ते गॉटिंगेन विद्यापीठात दाखल झाले आणि पुढे वैद्यकाकडे वळले. तिथे याकोब हेन्ले नावाचे प्राध्यापक होते. संसर्गजन्य रोग सजीव घटकांमुळे होत असावेत, असा विचार हेन्ले यांनी १८४० मध्येच मांडला होता. तेव्हा त्याला पुरावा नव्हता. पुरावा पुढे त्यांच्याच या विद्यार्थ्याने दिला.

१८६६ मध्ये कॉख डॉक्टर झाले. दुसऱ्या वर्षी एमी फ्राट्झ यांच्याशी लग्न झालं, मग मुलगी झाली. काही वर्षं वेगवेगळ्या गावांत नोकरी आणि व्यवसाय केला. १८७० च्या युद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणूनही काम केलं. शेवटी १८७२ मध्ये वोलस्टाईन या छोट्या गावी जिल्हा वैद्यकीय अधिकारी म्हणून ते स्थिरावले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे.

गावच्या डॉक्टरची प्रयोगशाळा

वोलस्टाईनच्या परिसरात मेंढ्या आणि गुरं एकाएकी मरत. सकाळी चरायला गेलेलं जनावर संध्याकाळी मेलेलं असायचं आणि त्याचं रक्त काळपट दिसायचं. हा रोग म्हणजे अँथ्रॅक्स. आपल्याकडे गुरांच्या या रोगाला फाशी म्हणतात, काळपुळीही म्हणतात. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काड्यांसारखं काहीतरी असतं, हे कॉख यांच्या आधी काही संशोधकांनी पाहिलं होतं. पण रोग त्या काड्यांमुळेच होतो की रोग झाल्यावर त्या काड्या दिसतात, हे कोणालाच ठरवता येत नव्हतं.

कॉख यांच्याकडे विद्यापीठ नव्हतं, ग्रंथालय नव्हतं, मदतनीस नव्हता. रुग्ण तपासायच्या खोलीतच पडदा लावून त्यांनी एक कोपरा वेगळा केला. सूक्ष्मदर्शक होता, तो पत्नीने वाढदिवसाला भेट दिला होता असं सांगितलं जातं. सुई नव्हती, म्हणून लाकडाच्या बारीक सळया तापवून निर्जंतुक केल्या आणि त्यांनी मेलेल्या जनावराचं रक्त उंदराला टोचलं. उंदीर मेला. त्याच्या रक्तात त्याच काड्या दिसल्या. त्या दुसऱ्या उंदराला टोचल्या, मग तिसऱ्याला. प्रत्येक वेळी तेच.

मग त्यांनी बैलाच्या डोळ्यातलं पाणी घेतलं आणि त्याच्या थेंबात हे जंतू वाढवले. जनावराच्या शरीराबाहेर, काचेवर! त्या थेंबात काड्या वाढून लांब धागे होताना त्यांनी पाहिल्या आणि त्या धाग्यांत चमकणारे मण्यांसारखे ठिपके तयार होतानाही पाहिले. ते ठिपके म्हणजे जंतूंची बीजं, बीजाणू. ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ठरावीक कुरणातलीच गुरं पुन्हा पुन्हा का मरतात, या शेतकऱ्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं.

१८७६ मध्ये कॉख आपलं सगळं सामान घेऊन ब्रेस्लाउ विद्यापीठात प्राध्यापक फर्डिनांड कोन यांच्याकडे गेले आणि प्रयोग करून दाखवले. अमुक एक जंतू अमुक एक रोग करतो, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच सिद्ध झालं होतं. करणारा होता बत्तीस वर्षांचा एक गावचा डॉक्टर.

बर्लिन, बटाटा आणि आगर

१८८० मध्ये कॉख यांना बर्लिनच्या शासकीय आरोग्य कार्यालयात बोलावण्यात आलं. इथे त्यांना प्रयोगशाळा आणि लोफलर, गाफ्की यांच्यासारखे सहकारी मिळाले.

जंतूंचा अभ्यास करायचा तर एका जातीचे जंतू वेगळे काढायला हवेत. द्रवात सगळेच मिसळून जातात. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर मात्र वेगवेगळ्या रंगांचे ठिपके वेगवेगळ्या जागी उमटलेले कॉख यांना दिसले. प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जातीच्या जंतूंची वस्ती. म्हणजे जंतूंना घट्ट पृष्ठभाग हवा. त्यांनी आधी जिलेटिन वापरलं, पण ते उष्णतेने वितळायचं. पुढे फॅनी हेस या सहकाऱ्याच्या पत्नीने आगर सुचवलं. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ त्या स्वयंपाकघरात वापरत होत्या. आज जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत जंतू आगरवरच वाढवले जातात. मुलींना ही गोष्ट आवर्जून सांगा.

२४ मार्च १८८२

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. त्या काळी युरोपात मरणाऱ्या दर सात माणसांमागे एक क्षयाने मरतो, असा हिशेब कॉख यांनीच मांडला होता. हा रोग आनुवंशिक आहे, अशक्तपणातून होतो, असंच पुष्कळ डॉक्टर मानत. फ्रान्समधल्या व्हिलमँ यांनी १८६५ मध्ये क्षयी माणसाच्या आणि क्षयी गाईच्या गाठींतला अंश सशांना टोचून त्यांच्यात रोग निर्माण केला होता, पण जंतू कोणालाच दिसत नव्हता.

तो दिसत नव्हता याला कारण होतं. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारखं आवरण असतं. साधा रंग त्यात शिरत नाही. कॉख यांनी रंगाची कृती बदलून बदलून पाहिली. शेवटी तपकिरी पार्श्वभूमीवर निळ्या, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या दिसल्या.

पुढचं काम आणखी चिकाटीचं होतं. हे जंतू नेहमीच्या पद्धतीने वाढेनात. मग त्यांनी जनावरांच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, तापवून घट्ट केला आणि त्यावर जंतू ठेवले. बाकीचे जंतू एका दिवसात वाढतात. हे दोन-दोन आठवडे डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरा कोणी असता तर त्याने काचनळ्या धुऊन टाकल्या असत्या! कॉख थांबले. जंतू वाढले, ते गिनीपिगना टोचले आणि गिनीपिगना क्षय झाला.

२४ मार्च १८८२ रोजी संध्याकाळी बर्लिनमधल्या शरीरक्रियाविज्ञान संस्थेत त्यांनी हे सगळं मांडलं. कॉख काही मोठे वक्ते नव्हते. संथपणे बोलले, नमुने दाखवले. म्हणतात की व्याख्यान संपल्यावर सभागृह शांत होतं, कारण विचारायला प्रश्नच उरला नव्हता.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या वेळी कॉख यांनी माणसांबरोबर क्षयी गुरांच्या गाठीही तपासल्या होत्या. त्यांच्यातही तशाच काड्या दिसल्या. त्यामुळे गुरांचा आणि माणसांचा क्षय एकच आहे आणि तो गुरांकडून माणसाला होऊ शकतो, असं त्यांचं १८८२ मधलं मत होतं.

हा जंतू गाईच्या शरीरात काय करतो?

हा भाग आज आपल्याला कॉख यांच्यापेक्षा अधिक माहीत आहे. पुढची गोष्ट समजण्यासाठी तो समजून घ्यायला हवा. मुलांना सांगताना टप्प्याटप्प्याने सांगा.

कोंदट गोठ्यात एक आजारी गाय खोकते. तिच्या श्वासातून बारीक तुषार उडतात. शेजारच्या गाईच्या श्वासाबरोबर ते तुषार फुप्फुसाच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वायुकोश म्हणजे हवेच्या इवल्याशा पिशव्या. रक्तात प्राणवायू मिसळतो तो तिथेच.

वायुकोशात भक्षकपेशी पहाऱ्यावर असतात. बाहेरून आलेला जंतू त्या गिळतात आणि आपल्या पोटातल्या पाचक रसांनी मारतात. क्षयाचा जंतूही त्या गिळतात. पण हा जंतू पेशीच्या आत गेल्यावर पाचक रसांची पिशवी आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही. तो पहारेकऱ्याच्याच घरात राहतो आणि तिथेच वाढतो. काही दिवसांनी ती पेशी मरते, जंतू बाहेर पडतात आणि दुसऱ्या भक्षकपेशी त्यांना गिळतात. पुन्हा तेच.

मग शरीर दुसरा उपाय करतं. मारता येत नाही, तर कोंडून ठेवू! जंतूंभोवती पेशींचा वेढा पडतो. काही भक्षकपेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी बनतात. बाहेरून तंतूंचं कुंपण होतं. ही झाली क्षयाची गाठ. गाठीच्या मध्यभागी रक्त पोहोचत नाही, तिथल्या पेशी मरतात आणि चक्क्यासारखा पिवळट लगदा तयार होतो. गाईमध्ये या लगद्यात पुढे चुना साचतो. अशी गाठ सुरीने कापली तर वाळू कापल्यासारखी कचकच लागते.

फुप्फुसाजवळच्या आणि घशाजवळच्या लसिकाग्रंथी सुजतात. फुप्फुसाच्या आवरणावर कधीकधी मोत्यांच्या घोसासारख्या गाठी दिसतात. म्हणूनच गुरांच्या क्षयाला जर्मन लोक मोत्यांचा रोग म्हणत. नाव किती सुंदर आणि रोग किती वाईट!

गाठ फुटली, की लगदा श्वासनलिकेत उतरतो. गाय खोकते आणि गोठा बाधित होतो. गाय थुंकत नाही, बेडका गिळते, म्हणून जंतू आतड्यातही जातात. रक्तात शिरले तर यकृत, मूत्रपिंड आणि कास यांच्यापर्यंत पोहोचतात. कासेत गाठी झाल्या की जंतू दुधात उतरतात. आणि हे सगळं चालू असताना कित्येक महिने गाय बाहेरून ठणठणीत दिसू शकते. हळूहळू वाळणं, अधूनमधून कोरडा खोकला, दूध कमी होणं ही लक्षणं उशिरा येतात.

एक गोष्ट विसरू नका. या रोगात अवयवाची बरीचशी नासधूस शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळेही होते. जंतू दिसला की शरीर तिथे मोठी फौज पाठवतं आणि त्या लढाईत निरोगी पेशीही मरतात. कॉख यांच्या पुढच्या अपयशाचं आणि त्याच अपयशातून मिळालेल्या यशाचं मूळ इथेच आहे.

औषध फसलं, पण गोठ्यात उपयोगी पडलं

१८८३ मध्ये कॉख कॉलऱ्याच्या शोधात आधी इजिप्तला आणि मग आपल्या कोलकात्याला आले. तिथे त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराच्या कॉलरा जंतूचा अभ्यास केला आणि तळ्याच्या पाण्याशी त्याचा संबंध दाखवला. १८८५ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. कीर्ती शिखरावर होती.

ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवणारा एक पदार्थ गिनीपिगवर यशस्वी ठरल्याचं कॉख यांनी तिथे जाहीर केलं. तो पदार्थ कसा बनवला, हे मात्र सांगितलं नाही. काही महिन्यांत हजारो रुग्ण बर्लिनकडे निघाले. हॉटेलं भरली. मरणाच्या दारातली माणसं आशेने आली.

हा पदार्थ म्हणजे ट्युबरक्युलिन. क्षयाच्या जंतूंपासून ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क. रुग्णांना टोचल्यावर जोराचा ताप यायचा. थोड्या जणांना बरं वाटलं, पुष्कळांना काहीच फरक पडला नाही आणि काही जण दगावले. विरकाव या ज्येष्ठ डॉक्टरांनी मृतांचं शवविच्छेदन केलं, तेव्हा गाठींतले जंतू शरीरात इतरत्र पसरल्याच्या खुणा दिसल्या. का झालं असेल असं? वर सांगितलेला मुद्दा आठवा. क्षयी शरीर या जंतूच्या प्रथिनांवर चवताळून उठतं. टोचलेल्या अर्काने जुन्या गाठींभोवती सूज आणली आणि कुंपणं ढासळली.

१८९१ मध्ये कॉख यांना अर्काची माहिती उघड करावी लागली. त्यांच्या नावाला बट्टा लागला. त्याच सुमारास पहिला संसारही मोडला आणि १८९३ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं.

आता गंमत बघा. क्षयी शरीरच या अर्कावर चवताळतं, निरोगी शरीर नाही. म्हणजे हे औषध नसलं तरी उत्तम परीक्षा आहे! १८९१ पासून पशुवैद्यांनी ते गाईंना टोचून पाहायला सुरुवात केली. ज्या गाईला ताप चढला, तिला क्षय. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या गाईचा आतला रोग पहिल्यांदाच जिवंतपणी कळू लागला. डेन्मार्कचे बर्नहार्ड बँग यांनी १८९२ पासून या परीक्षेवर एक पद्धत बसवली. बाधित गाई वेगळ्या बांधायच्या, वासरू जन्मताच वेगळं करायचं आणि त्याला तापवलेलं दूध पाजायचं. काही वर्षांत निरोगी कळप उभे राहिले. आजही पशुवैद्य गाईच्या मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, परीक्षा तीच आहे.

मुंबईची वाट आणि लंडनची सभा

१८९६ च्या अखेरीस कॉख दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे बुळकांडीने गुरं पटापट मरत होती. बुळकांडी विषाणूचा रोग, म्हणून इथे त्यात शिरत नाही. तिथून १८९७ मध्ये ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आले. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या मातीलाही या माणसाचे पाय लागले आहेत.

याच काळात अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं की गाईच्या क्षयाचा जंतू आणि माणसाच्या क्षयाचा जंतू हुबेहूब एक नाहीत. कॉख यांनीही सहकाऱ्यांबरोबर प्रयोग केले. माणसाच्या थुंकीतले जंतू त्यांनी वासरांना टोचले, खायला घातले. वासरांना रोग झाला नाही. गाईचे जंतू दिल्यावर मात्र वासरं गंभीर आजारी पडली.

जुलै १९०१ मध्ये लंडनला क्षयरोग परिषद भरली. तिथे कॉख यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की माणसाचा क्षय मुख्यतः माणसाच्या थुंकीतून पसरतो आणि दोन्ही जंतू वेगळे आहेत. ही गोष्ट खरी ठरली. दुसरी अशी की गाईचा क्षय माणसाला जवळजवळ होतच नाही, म्हणून दुधाविरुद्ध उपाय करायची गरज नाही. ही गोष्ट चुकीची ठरली.

त्यांचा तर्क कुठे घसरला ते नीट बघा. माणसाचा जंतू गाईला त्रास देत नाही, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं होतं. पण गाईचा जंतू माणसाला त्रास देत नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. नदी उतरून पलीकडे जाता येत नाही, म्हणून पलीकडून कोणी येणारच नाही असं म्हणण्यासारखं झालं. उलटा प्रयोग माणसांवर करणं शक्यच नव्हतं. मग कॉख यांनी अंदाज बांधला. दुधातून क्षय होत असता तर मुलांच्या आतड्यातला क्षय सगळीकडे दिसला असता, तो क्वचितच दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

सभेत लॉर्ड लिस्टर बसले होते. शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणारे तेच ज्येष्ठ सर्जन. कॉख यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून त्यांनी तिथेच शंका काढली. पण प्रश्न मोठा होता. कॉख यांचं म्हणणं खरं मानलं तर गोठे तपासणं, दूध तापवणं यावरचा खर्च वाया जाणार. खोटं असेल आणि तरीही मानलं, तर मुलं मरणार. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी एक शाही आयोग नेमला. आयोगाने क्षयाने मेलेल्या रुग्णांच्या गाठींतले जंतू वेगळे केले, वाढवले आणि जनावरांवर तपासले. म्हणजे कॉख यांनीच शिकवलेल्या पद्धतीने कॉख यांचं मत तपासलं!

अहवाल टप्प्याटप्प्याने आले, शेवटचा १९११ मध्ये. गाईचा जंतू माणसाला रोग करतो, विशेषतः दुधावाटे लहान मुलांना. मानेच्या गाठी आणि पोटाचा क्षय झालेल्या मुलांमध्ये तो पुष्कळदा सापडला. कॉख ज्या जागी रोग क्वचित आहे म्हणत होते, नेमक्या तिथेच.

अखेरचे दिवस आणि त्यानंतर

१९०५ मध्ये कॉख यांना क्षयावरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत त्यांनी गाईच्या क्षयाबद्दलचं आपलं मत कायम ठेवलं. तोवर आयोगाचे सुरुवातीचे अहवाल बाहेर आले होते, तरी ते हटले नाहीत. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन इथे हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. आयोगाचा शेवटचा अहवाल त्यांनी पाहिला नाही.

पुढे देशोदेशी दूध पाश्चराइज करण्याची सक्ती आली. अमेरिकेत १९१७ पासून गावोगावच्या कळपांची ट्युबरक्युलिनने तपासणी सुरू झाली आणि बाधित गुरं कळपातून काढली गेली. कॉख यांनी माणसांसाठी बनवलेलं आणि फसलेलं औषध गुरांमार्फत शेवटी माणसांच्या मुलांनाच वाचवत होतं.

आणखी एक दुवा तर आपल्या सगळ्यांच्या अंगावर आहे. फ्रान्समधल्या लील शहरात डॉक्टर काल्मेट आणि पशुवैद्य गेरँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षं एक जंतू बैलाच्या पित्तात भिजवलेल्या बटाट्यावर पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. तो जंतू क्षयी गाईच्या दुधातून घेतलेला होता. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला लस म्हणून दिला गेला. तीच बीसीजी. आपल्या डाव्या दंडावरचा लहानसा व्रण म्हणजे गाईच्या क्षयाच्या जंतूची खूण आहे. माणसाचा आणि गाईचा जंतू वेगळा असला तरी सख्खा भाऊ आहे, म्हणूनच एकाची ओळख करून दिलेलं शरीर दुसऱ्याला ओळखतं.

वर्गात आणि घरी

हा पाठ घेताना पुढच्या गोष्टी करता येतील.

* बीसीजीचा व्रण मुलांना आपापल्या दंडावर शोधायला सांगा. ज्यांना दिसत नाही त्यांनी घाबरू नये, काहींना व्रण उमटतच नाही. मग गाईची आणि बटाट्याची गोष्ट सांगा.
* उकडलेल्या बटाट्याचा काप झाकून दोन-तीन दिवस ठेवा आणि झाकण न काढता बाहेरूनच ठिपके दाखवा. नंतर तो शिक्षकांनीच टाकून द्यावा.
* कॉख यांचा लंडनमधला तर्क फळ्यावर लिहा आणि मुलांनाच त्यातली फट शोधू द्या. पाचवी-सहावीची मुलंही शोधतात. माणसाकडून गाईला होत नाही, म्हणून गाईकडून माणसाला होत नाही, हे बरोबर का? एवढाच प्रश्न पुरतो.
* गावात ज्यांच्याकडे गुरं आहेत त्या मुलांकडून गोठ्याचं वर्णन लिहून घ्या. हवा कुठून येते, ऊन कुठे पडतं, जनावरं किती जवळ बांधली आहेत.

पालकांसाठी एक विनंती. गुरांचा क्षय आपल्या देशात आजही आहे. धारोष्ण दूध ताकद देतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण गाय तंदुरुस्त दिसते म्हणजे ती निरोगी आहेच असं नाही, हे आपण वर पाहिलं. पाश्चरायझेशनमध्ये दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ७२ अंशांना पंधरा सेकंद तापवतात. क्षयाचा जंतू तेवढ्याने मरतो. घरी दूध एकदा नीट उकळलं की काम झालं. आपल्या आजी-पणजींनी दूध तापवल्याशिवाय कधी फडताळात ठेवलं नाही, ती सवय मोडू नका. जनावर दीर्घकाळ खोकत असेल आणि चारा खाऊनही वाळत असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि तोवर त्याला इतरांपासून वेगळं बांधा.

कॉख यांचं नाव फलकावर जरूर लिहा. त्यांनी जंतू दाखवला, पद्धत दिली आणि एका मोठ्या प्रश्नावर चुकले. त्यांची चूक पकडता आली तीही त्यांच्याच पद्धतीने. मोठ्या माणसाचं म्हणणंसुद्धा तपासून घ्यायचं असतं, आणि तपासणं म्हणजे अनादर नव्हे. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाने उद्या हात वर करून आपलं वाक्य तपासलं, तर त्याला खाली बसवू नका. पाठ कळल्याची ती खूण आहे.